आपल्या बेळगावचे बाबा पद्मनजी

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, मराठीतली पहिली कादंबरी कोणती? 'यमुनापर्यटन'. साल? १८५७. लेखक? बाबा पद्मनजी. तीन उत्तरं, तीन मार्क, पुढचा प्रश्न. मीसुद्धा हे असंच पाठ केलं होतं. अनगोळातून रोज बसनं कॅम्पाकडं जाताना हे नाव कधी डोक्यात आलं नाही. येईल कसं? पहिली कादंबरी लिहिणारा माणूस पुण्याचा नाहीतर मुंबईचा असणार असं आपण धरूनच चालतो की. खूप उशिरा कळलं, हा माणूस आपल्या बेळगावचा. जन्म इथला, शाळा इथली, आणि ज्या दिवसानं त्यांचं आयुष्य दुभंगलं तो दिवसही इथलाच.

बाबांचा जन्म १८३१ सालच्या मे महिन्यातला. घर कासारांचं. आडनाव मुळे. वडील पद्मनजी माणिकजी सरकारी नोकरीत होते, म्हणजे घरात त्या काळाच्या मानानं बरा पैसा आणि इंग्रजी अमलाशी ओळख. पण म्हणून घर काही नव्या विचाराचं नव्हतं. उपासतापास, पूजा, पुराणं, सगळं व्यवस्थित चाले आणि लहानपणी बाबा त्यात मनापासून रमलेले असत. हे लक्षात ठेवा. पुढं जे झालं ते धर्माविषयी बेफिकीर असलेल्या पोराचं झालेलं नाही. देवाधर्माची ज्याला लहानपणापासून ओढ होती अशाचं झालं.

बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० पासून सुरू होतं. जोसेफ टेलर आणि विल्यम बेनन हे त्यातले जुने मिशनरी. बेननस्मिथ हायस्कूलच्या नावातला बेनन तो हाच. त्या मिशनच्या इंग्रजी शाळेत बाबा शिकले. त्या काळी पोराला मिशनच्या शाळेत घालणाऱ्या बापांचा हिशेब साधा असायचा: इंग्रजी येईल, नोकरी लागेल, बायबलचा तास तेवढा कानाआड करावा. आपल्याकडं आजही बरेच पालक याच हिशेबानं कॉन्व्हेंटची रांग लावतात, त्यात हसण्यासारखं काही नाही. बहुतेक पोरांच्या बाबतीत हा हिशेब बरोबर यायचा. एखाद्याच्या बाबतीत चुकायचा.

पुढं बाबा मुंबईला गेले आणि फ्री चर्चच्या विद्यालयात दाखल झाले. त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणली पाहिजे, नाहीतर त्यांची अडचण कळणार नाही. १८३९ मध्ये दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले म्हणून प्रकरण कोर्टात गेलं होतं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वयानं पोरच, मिशनऱ्यांकडं राहायला गेला होता. कोर्टानं त्याला बापाच्या ताब्यात दिलं. मग खरा वाद पेटला. मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांच्या बाजूचे. कर्मठांचा कडकडून विरोध. मुंबईच्या ब्राह्मणांत सरळ दोन तट पडले.

इथं जरा बाजूला जातो, कारण हा वाद वाचताना मला दुसरंच एक शहर आठवलं. इसवी सन २५० मध्ये रोमचा सम्राट डेशियस यानं हुकूम काढला की साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी अर्पण करावा आणि तसं केल्याचा दाखला घ्यावा. असे चाळीसहून जास्त दाखले इजिप्तच्या वाळूत सापडलेत, पपायरसच्या तुकड्यांवर लिहिलेले, साक्षीदारांच्या सह्यांसकट. हजारो ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी दिला. काहींनी बळी न देता नुसता दाखला विकत घेतला. छळ थांबल्यावर ही माणसं मंडळीच्या दाराशी परत आली आणि कार्थेजमध्ये भांडण सुरू झालं, यांना आत घ्यायचं का? बिशप सिप्रियन म्हणत होता, प्रायश्चित्त करून घ्यावं. रोमचा नोव्हेशियन म्हणत होता, नाही म्हणजे नाही, आणि त्यानं आपली वेगळी चूलच मांडली. २५१ सालचं कार्थेज आणि १८४३ ची मुंबई. धर्म वेगळे, प्रश्न अक्षरशः तोच. उंबरठा ओलांडून गेलेल्याला पुन्हा ताटाला घ्यायचं का?

बाबा मुंबईत आले ते या वादाचा धुरळा नुकता बसत असताना. १८४९ मध्ये तिथं परमहंस सभा सुरू झाली. दादोबा पांडुरंग, म्हणजे ज्यांचं व्याकरण मराठीच्या विद्यार्थ्यांना चुकत नाही ते, तिचे एक आधारस्तंभ. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. सभेचं म्हणणं: देव एक, जात खोटी, मूर्तिपूजा नको. सभासद होताना जात मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा. एक तुकडा पाव. आज आपण पावभाजीवर तो हसत खातो, तेव्हा त्या तुकड्यानं माणूस वाळीत पडायचा.

बाबा या सभेचे सभासद झाले. आणि इथंच त्यांच्या मनाला कुसळ लागलं. कारण सभा गुप्त होती. आत पाव खायचा, बाहेर पडून तोंड पुसायचं, घरी जाऊन सोवळं नेसायचं आणि श्राद्धाला बसायचं. सभासदांची संख्या पुरेशी वाढली की उघड होऊ, असं ठरलेलं होतं. ती पुरेशी कधी झालीच नाही. १८६० च्या सुमाराला सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. त्यातल्या काहींनी पुढं १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा केला, तोही उघडपणे. म्हणून मी त्यांना भेकड म्हणणार नाही. बायको, पोरं, म्हातारे आईबाप घेऊन जातीबाहेर पडणं म्हणजे काय, हे खोलीत बसून लिहिणाऱ्यानं ठरवू नये. डेशियसच्या काळात दाखला विकत घेणाऱ्यांच्याही घरी पोरं होतीच की.

पण बाबांना ते जमेना. एव्हाना त्यांचं मन नुसतं जात मोडण्यावर थांबलेलं नव्हतं, ते ख्रिस्ताकडं वळलं होतं. मनात एक, देव्हाऱ्यापुढं दुसरं, असा खेळ त्यांना वर्षानुवर्षं खेळावा लागला. 'अरुणोदय' हे त्यांचं आत्मचरित्र मुख्यतः याच वर्षांबद्दल आहे. त्यातला बाबा हा वीरपुरुष नाही. तो आज ठरवतो, उद्या मागं सरतो, परवा पुन्हा प्रार्थना करतो. त्याला जातीची भीती वाटते, पण त्याहून जास्त वाटतं ते आईबापांचं. मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत स्वतःची घालमेल इतकी उघडी मांडलेली फार थोडी, आणि परमहंस सभेच्या आतली हकीकत कळायलाही हेच पुस्तक मोठा आधार आहे. धर्मांतराची कथा नको वाटणाऱ्यानंही ते वाचावं, असं मला वाटतं.

३ सप्टेंबर १८५४. त्या दिवशी बाबांनी बाप्तिस्मा घेतला, तेवीस वर्षांचे असताना. आणि घेतला कुठं? बेळगावात. मुंबईत घेतला असता तर सोपं होतं. मोठं शहर, ओळखीचे मिशनरी, घर लांब. त्याऐवजी जिथं प्रत्येक गल्लीत ओळखीचा माणूस, जिथं आईला दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर चार बायकांना तोंड दाखवायचं, त्या गावात हे झालं. कुणी याला धाडस म्हणेल, कुणी निष्ठुरपणा. मला दोन्ही खरं वाटतं.

कार्थेजमधलीच एक बाई या ठिकाणी आठवते. पर्पेतुआ तिचं नाव. बावीसेक वर्षांची, अंगावर पिणारं मूल असलेली, चांगल्या घरची. २०३ साली तिला ख्रिस्ती म्हणून पकडलं आणि पुढं आखाड्यात मारलं. तिनं तुरुंगात लिहिलेली टिपणं आजही उपलब्ध आहेत. त्यात जनावरांपेक्षा जास्त जागा कुणाला असेल तर तिच्या बापाला. तो पुन्हा पुन्हा येतो, रागावतो, मग तिचे हात धरतो, आपल्या पांढऱ्या केसांची शपथ घालतो. तिला सर्वांत जड गेलेला छळ तो होता, असं वाचताना वाटत राहतं.

साम्य इथंच थांबतं, हेही सांगायला हवं. पर्पेतुआच्या वेळी राज्य तिच्या विरुद्ध होतं. बाबांच्या वेळी राज्य इंग्रजांचं होतं. १८५० च्या कायद्यानं धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही असं ठरवून टाकलं होतं. बेळगावच्या कॅम्पात गोरी पलटण होती. बाबांना सिंहापुढं कुणी टाकणार नव्हतं. त्यांना मिळालं ते वेगळं: पंगतीतून उठवलं जाणं, घरच्या पाण्याला हात न लागणं, घरच्यांच्या डोळ्यांतलं पाणी. मिशनऱ्यांच्या अंगणात त्यांना नोकरी आणि आसरा मिळाला हे खरं आणि त्यांच्या विरोधकांनी ते वारंवार ऐकवलं असणार. पण ज्याच्या घरी खायला होतं, इंग्रजी येत होतं, सरकारी नोकरी हाताशी होती, त्यानं पोटासाठी हे केलं असं म्हणणं हिशेबाला धरून नाही.

यानंतर बाबा पुण्याला गेले, फ्री चर्चच्या शाळेत शिकवू लागले आणि १८६७ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. या सगळ्या काळात हात लिहिताच राहिला. 'सत्यदीपिका' सारखी नियतकालिकं चालवली, पुढं ट्रॅक्ट सोसायटी आणि बायबल सोसायटीसाठी संपादन केलं. लहानमोठी मिळून शंभरावर पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत. त्यातली बरीचशी आज कुणी उघडणार नाही. 'कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना' सारखी वादाची पुस्तकं तर आज वाचताना टोचतात. सोडून आलेल्या घरावर माणूस जरा जास्तच जोरानं दगड मारतो, तसं काहीसं. आपल्या कॉलेजात एका बाकावर सगळ्या धर्मांची पोरं बसतात, त्यांनी ही पुस्तकं त्यांच्या काळात ठेवूनच वाचावीत.

पण दोन गोष्टींसाठी बाबांचं ऋण मानलंच पाहिजे. एक म्हणजे शब्द. मोल्सवर्थचा प्रचंड मराठी-इंग्रजी कोश सामान्य विद्यार्थ्याला ना परवडणारा, ना उचलणारा. बाबांनी त्याचा संक्षेप करून १८६३ मध्ये हातात मावेल असा कोश काढला. त्याआधी १८६० मध्ये 'शब्दरत्नावली' केली होती. कोशाचं काम म्हणजे काय हे ज्यानं कधी शब्दांची यादी केलीय त्यालाच कळेल. त्यात ना टाळ्या, ना वाद, नुसती मान मोडते.

दुसरी गोष्ट यमुना. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी, उत्तरेत बंड पेटलेलं असताना, 'यमुनापर्यटन' छापून आलं. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात आणि जागोजागी त्यांना विधवा भेटतात. कुणाचं केशवपन झालेलं, कुणी घरातल्या घरात नासवलेली, कुणी नुसती राबणारी. शेवटी यमुनेवरच ती पाळी येते. नवरा जातो. पुढं ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. कादंबरी म्हणून पाहिलं तर बाबा मधे मधे प्रवचनाला बसतात आणि शेवट तर पहिल्या पानापासून ठरलेला असतो. पण बाई अमुक कारणानं रडते, तिचं ऐका, असं मराठी गद्यात कथा रचून इतकं लांबलचक कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. हरिभाऊ आपट्यांची यमू यायला अजून तेहतीस वर्षं होती.

आणि एक बारीक गोष्ट. प्रवासाला निघालेलं हे जोडपं मनानं ख्रिस्ती झालेलं आहे, पण उघडपणे नाही. ते चोरून प्रार्थना करतात. बाप्तिस्म्याला तीन वर्षं झालेल्या बाबांनी आपली नायिका उघड धीट दाखवली नाही. स्वतः ज्या अंधाऱ्या खोलीत वर्षानुवर्षं काढली, त्याच खोलीत तिला बसवली. मला वाटतं परमहंस सभेतल्या जुन्या सोबत्यांना त्यांनी इथं मनातून माफ केलं असावं. हा माझा अंदाज, पुरावा मागू नका.

बाबा १९०६ मध्ये गेले. पंचाहत्तर वर्षांचं आयुष्य, त्यातली बावन्न ख्रिस्ती म्हणून. या सगळ्या वर्षांत त्यांनी इंग्रजी नाव घेतलं नाही, जॉन नाही की पॉल नाही. मुळे हे आडनावही पुस्तकांवर लावलं नाही. आपल्याकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणं स्वतःचं नाव आणि पुढं बापाचं, एवढंच. बेळगावच्या ज्या घरातून ते सप्टेंबरातल्या एका दिवशी बाहेर पडले, त्या घरच्या कर्त्याचं नाव शंभरावर पुस्तकांच्या पहिल्या पानावर छापून आलं, आणि स्पर्धा परीक्षेची पोरं ते अजून पाठ करतात.