अंबाजोगाईचे दासोपंत आणि मराठी शब्दांचें भांडार

मराठी भाषेच्या अभिमानी पुरुषांची गणना करूं लागलें म्हणजे ज्ञानेश्वर व एकनाथ यांचीं नांवें प्रथम ओठांवर येतात. आमच्या बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईच्या दासोपंतांचें नांव मात्र बहुधा मागें राहतें. भाषा कोणाच्या घरांत व कोणत्या कामांत वाढते, या प्रश्नास त्यांनीं चारशें वर्षांपूर्वीं ज्या रीतीनें हात घातला ती पाहतां, ही उपेक्षा आम्हांस योग्य वाटत नाहीं.

दासोपंतांचा जन्म शके १४७३, म्हणजे इ. स. १५५१ या वर्षीं नारायणपेठ येथें झाला. हें गांव आज तेलंगण राज्यांत आहे. मराठी, कानडी व तेलुगू या तिन्ही भाषा त्या मुलुखांत शेजारिणींप्रमाणें नांदत आल्या आहेत. वडील दिगंबरपंत हे बेदरच्या बादशाहींतील देशपांडे. दरबारांत फारशी, पूजेंत संस्कृत आणि घरांत मराठी, अशा कुळांत वाढलेल्या मुलास कोणती भाषा कोठें चालते हें वेगळें शिकवावें लागलें नसेल.

वसुलाचा भरणा न झाल्यामुळें बादशहानें या मुलास ओलीस धरलें, आणि मुदत संपतां संपतां एका अनोळखी पाडेवारानें सारी रक्कम भरून त्यास सोडविलें, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. तो पाडेवार प्रत्यक्ष दत्तात्रेय होता अशी भक्तांची श्रद्धा. पुढें दासोपंतांनीं घर सोडलें, माहूर येथें तप केलें, गोदातीरच्या राक्षसभुवनास वास केला व शेवटीं ते अंबाजोगाईस स्थिर झाले. निजामी अमलांत मोमिनाबाद म्हणून ओळखलें जाणारें तें हेंच गांव. आद्य ग्रंथकार मुकुंदराज यांची समाधिही परंपरेनें येथेंच दाखवितात.

येथें त्यांनीं जें लिहिलें त्याचा विस्तार ऐकून आजचा लेखक दचकेल. भगवद्गीतेवरील त्यांचा गीतार्णव हा एकटा ग्रंथच सुमारें १,२५,००० ओव्यांचा आहे. रोज एका ढबूची शाई त्यांस लागे, अशी आख्यायिका आहे, व ती खोटी मानण्याची आम्हांस घाई नाहीं. कागदानें भागेना म्हणून कीं काय, सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय ओव्यांनीं व आकृत्यांनीं मांडला. हीच ती प्रसिद्ध पासोडी. बैठकींत पसरून अनेकांनीं एकदम पाहावी, बोट ठेवून समजून घ्यावी, असें तिचें रूप आहे.

परंतु आमच्या विषयास अधिक जवळचा आहे तो गीतार्णवांतील एक लहानसा वाद. धर्मविचार मराठींत कां सांगावा, असा आक्षेप त्या काळीं पंडित घेत. दासोपंतांनीं उत्तरासाठीं वेदान्ताची कास धरली नाहीं. ते थेट कुंभाराच्या आव्यापाशीं गेले. संस्कृतांत घट म्हटलें कीं काम संपलें. पण घरच्या बाईस नेमकें कोणतें भांडें हवें तें या एका शब्दानें कसें कळावें? पाणी साठवावयाचा तो रांजण, ताक घुसळावयाचा तो डेरा, कमरेवर घेऊन यावयाची ती घागर. अशीं एकामागून एक नांवें मांडून, जेथें कामें निराळीं तेथें शब्दही निराळे, हें त्यांनीं दाखवून दिलें.

खरें सांगावयाचें तर हा वाद संस्कृतास थोडा अन्यायकारक आहे. तेथेंही कुंभ आहे, कलश आहे. अमरकोशांत रांजणासाठीं अलिंजर व मणिक असे शब्द दिलेले आहेत. पण ते शब्द कोशांत होते, अंबाजोगाईच्या पाणवठ्यावर नव्हते, आणि दासोपंतांचा रोख तेथेंच होता. पुढें इ. स. १९११ मध्यें अमेरिकेंतील मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनीं एस्किमो भाषेंतील बर्फाचे शब्द असेच मांडले: जमिनीवरचा बर्फ, पडणारा बर्फ, वाऱ्यानें वाहणारा बर्फ, व त्याचा सांचलेला ढीग, प्रत्येकास वेगळा शब्द. त्या उदाहरणाची मागाहून पुष्कळ अतिशयोक्ति झाली. तथापि समाजाच्या गरजेप्रमाणें भाषा भेद करते हें तत्त्व तेंच. तीनशें वर्षें आधीं तें मराठी ओवींत येऊन गेलें होतें!

वाचकांस येथें फादर स्टीफन्स यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. हे इंग्रज जेझुइट दासोपंतांचे समकालीन. इ. स. १५७९ मध्यें ते गोव्यास आले, साष्टीच्या लोकांत राहून त्यांची बोली शिकले, आणि लॅटिनचे पंडित असूनही ख्रिस्तपुराणाच्या सुमारें ११,००० ओव्या त्यांनीं मराठींत रचल्या. तो ग्रंथ इ. स. १६१६ मध्यें छापून निघाला. एक जण गोदावरीच्या खोऱ्यांतला, दुसरा परदेशांतून आलेला. तरी ऐकणारा ज्या भाषेंत जगतो तींतच त्याच्याशीं बोलावें, हा दोघांचा निर्णय एकच होता.

शके १५३७ मध्यें माघ वद्य षष्ठीस दासोपंतांनीं अंबाजोगाईस देह ठेवला. पितळ व प्लास्टिक आल्यावर त्यांच्या यादींतील कित्येक भांडीं घरांतून गेलीं, व त्यांचीं नांवेंही कोशांत जाऊन बसलीं. रांजण कोठें कोठें दिसतो; सुगड मात्र संक्रांतीस अजून बाजारांत येतें.