सदुसष्टाव्या वर्षी जबड्याची शस्त्रक्रिया

सायखेडा काय किंवा गोदाकाठचे दुसरे कुठलेही गाव काय, सत्तरीकडे झुकलेल्या माणसाच्या तोंडात कर्करोग निघाला की घरचे आधी वय मोजतात. आता या वयात कशाला चिरफाड, असे ठरते आणि रुग्ण घरीच राहतो. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या घरी असेच ठरले असते तर?

१८५६ साली जन्मलेले फ्रॉइड दिवसाला वीसेक सिगार ओढत. फेब्रुवारी १९२३ मध्ये उजव्या बाजूला, टाळ्याजवळ त्यांना पांढरा चट्टा दिसला. एप्रिलमध्ये व्हिएन्नात झालेली पहिली शस्त्रक्रिया अर्धवट होती. नंतर रक्तस्राव इतका झाला की जिवावर बेतले. डॉक्टरांनी कर्करोग असल्याचे त्यांना सांगितलेही नाही. काळजीपोटी केलेली ही लपवाछपवी आजही आपल्याकडे चालते, आणि तिच्यात मोलाचे महिने जातात. फ्रॉइड यांचेही गेले.

ऑक्टोबरमध्ये हान्स पिखलर या मुखशल्यविशारदांनी सूत्रे घेतली. आधी मानेतल्या गाठी, मग वरचा जबडा, टाळू आणि खालच्या जबड्याचा काही भाग काढला. नोव्हेंबरमध्ये उरलेल्या पेशींसाठी पुन्हा शस्त्रक्रिया झाली. रुग्ण सदुसष्ट वर्षांचा, आणि प्रतिजैविके अजून यायची होती.

त्यानंतर टाळूच्या जागी कृत्रिम कवळी आली. ती सतत टोचे. खाणे-बोलणे अवघड झाले, उजव्या कानाने ऐकू येईना. पण पिखलर नियमित तपासत राहिले, नवा चट्टा दिसला की काढत राहिले. एकूण शस्त्रक्रिया तिसांवर गेल्या. सिगार मात्र सुटला नाही. नवे चट्टे येण्यात त्याचा वाटा मोठा असणार.

त्यांची गाठ संथ वाढणाऱ्या प्रकारची असावी, असे काही तज्ज्ञ मानतात. तेव्हा प्रत्येकाला सोळा वर्षे मिळतील असे नाही. वयाचा परिणामही खोटा नाही: सत्तरीनंतर रेडिएशनला केमोथेरपीची जोड दिल्याचा फायदा कमी होत जातो, आणि इतर आजारांनी होणारे मृत्यूही वाढतात. पण शस्त्रक्रिया झेपेल का, हे जन्मतारखेपेक्षा हृदय, फुप्फुसे, मधुमेह, पोषण आणि रोगाची अवस्था यांवरून ठरते. ती तपासणी न करताच नकार देणे म्हणजे रुग्णाची संधी हिरावून घेणे.

फ्रॉइड यांनी ती वर्षे वापरली. रुग्ण तपासले, पुस्तके लिहिली. १९३८ मध्ये नाझींमुळे त्यांना व्हिएन्ना सोडावे लागले. त्याच सप्टेंबरमध्ये पिखलर लंडनला गेले आणि ब्याऐंशी वर्षांच्या या रुग्णावर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया केली. १९३९ च्या सुरुवातीला उलटलेला रोग मात्र कापण्यापलीकडचा होता. रेडिएशननेही तो आवरला नाही. २३ सप्टेंबर १९३९ रोजी, त्र्याऐंशीव्या वर्षी, लंडनच्या घरी त्यांचे निधन झाले.