तालीम, सँडोची साधने आणि औंधचे पंतप्रतिनिधी

चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा या गावांत महिन्याची वर्गणी घेणाऱ्या जिम आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. कोळसाखाणीची कचेरी, औष्णिक वीजकेंद्र, बँक, शाळा येथे काम करणाऱ्या पगारदाराचे बसणे वाढले आणि व्यायाम ही त्याच्या घरखर्चातील एक स्वतंत्र बाब झाली. भाताच्या रोवणीत किंवा तेंदूपत्ता तोडण्यात ज्याचा दिवस जातो त्याला हा प्रश्न पडत नाही. ज्याला पडतो त्याच्यापुढे मात्र मार्ग थोडे असतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. पहाटेच्या अंधारात धावायला निघावे, तर जंगलालगतच्या वस्त्यांत वाघ-बिबट्यांचे भय असते. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाकडील खेड्यातून जिम गाठायची म्हटले तर वर्गणीपेक्षा एसटीचे भाडेच अधिक पडावे. मग वर्गणी भरावी, की घराच्या कोपऱ्यातच घाम गाळावा?

हा पेच वाटतो तितका नवा नाही. सातारा जिल्ह्यातील औंध येथील एका संस्थानिकाने तो प्रथम स्वतःच्या देहावर आणि नंतर आपल्या संपूर्ण संस्थानात तपासून पाहिला होता. त्यांचे नाव भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु त्या पुरस्कारामागे निवडीचा एक दीर्घ हिशेब होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात उदयाला आलेल्या परशुराम त्र्यंबक यांच्या घराण्यातले ते. परंतु थोरले पुत्र नसल्याने गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा ठेवण्याचे त्यांना कारण नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते शिकले आणि पदवीधर झाले. चित्रकला आणि कीर्तन हे त्यांचे आवडीचे विषय. १९०९ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, अधिकारसूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांच्या सवयी आणि मते बरीचशी पक्की झालेली होती. व्यायामाविषयीचे मत त्यांपैकीच एक होय.

हे मत बनण्यापूर्वी ते दुसऱ्याच वाटेने चालत होते. युजेन सँडो हा प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे जन्मलेला मल्ल त्यांच्याहून एका वर्षाने मोठा. लंडनच्या रंगभूमीवर शरीरसौष्ठवाची प्रात्यक्षिके करून त्याने कीर्ती मिळवली आणि कीर्तीचे रूपांतर व्यापारात केले. डंबेल्स, ताणायच्या दोऱ्यांची साधने, पुस्तके आणि टपालाने दिले जाणारे व्यायामपाठ हा त्याचा माल होता. आपल्याकडे बिनबाह्यांच्या गंजिफ्राकेला आजही सँडो म्हणतात, यावरून त्या नावाचा पसारा ध्यानात यावा. १८९७ च्या सुमारास भवानरावांनी त्याची साधने आणि पुस्तके मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्याची पद्धत नेमाने अवलंबली. हा एखाद्या हौशी श्रीमंताचा चाळा नव्हता. घेतलेली साधने माळ्यावर टाकून देणाऱ्यांची संख्या तेव्हाही कमी नसावी. हा गृहस्थ दहा वर्षे टिकला. छाती रुंदावली, बाहू भरले. तरीही त्यांचे समाधान झाले नाही. स्नायू वाढले म्हणजे श्वास, पचन आणि लवचिकपणा सुधारलाच असे नाही, या निष्कर्षाला ते आले. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी त्यांना सूर्यनमस्काराकडे वळवले.

वस्तुतः वळवले म्हणण्यापेक्षा परत आणले म्हणणे अधिक योग्य. नमस्कार घालण्याची रीत त्यांच्या स्वतःच्या वाड्यात होती. वडील ते घालत असत. परंतु तो उपासनेचा भाग मानला जाई, व्यायाम म्हणून त्याची गणना होत नसे. भवानरावांनी त्याला शिस्त लावली. दहा स्थितींचा क्रम, प्रत्येक स्थितीतील श्वासाचे नियमन, बीजमंत्रांचा उच्चार आणि हळूहळू वाढवायची संख्या असे त्याचे शास्त्र त्यांनी बसवले. लागणारे भांडवल म्हणजे माणूस आडवा होईल एवढी जमीन आणि सकाळचा अर्धा-पाऊण तास.

शेजारच्या कोल्हापुरात याच काळात काय चालले होते हे पाहिले की या निवडीचे वेगळेपण उमगते. शाहू छत्रपतींनी मल्लांना उदार आश्रय दिला, तालमी उभ्या केल्या आणि १९१२ साली खासबागेचे भव्य कुस्तीमैदान पूर्ण केले. विदर्भात अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्यातून पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही मोठी संस्था वाढली आणि १९३६ साली तिचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. या दोन्ही कार्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. तालमीत हौदा असतो, वस्ताद असतो, जोडीदार असतो; तेथे एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी विचारणारा कोणी असतो. परंतु तालीम तरुण पुरुषांची. वृद्धाला, नोकरदाराला आणि विशेषतः स्त्रीला तिचे दार व्यवहारात बंदच होते. मल्लाच्या खुराकाचा खर्च तर आश्रयदात्यावाचून पेलणारा नव्हता. औंध संस्थान म्हणजे तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली बहात्तर गावे, त्यांतील आटपाडीकडचा भाग कायमचा अवर्षणाचा. अशा संस्थानाच्या तिजोरीतून गावोगाव तालमी आणि त्यांवर वस्ताद नेमणे शक्य नव्हते. नमस्काराला मात्र दुष्काळातही काही कमी पडत नव्हते.

येथपर्यंतचा हिशेब घरच्या व्यायामाच्या बाजूने सरळ लागतो. भवानरावांचे चातुर्य यापुढे दिसते. फुकट वस्तू लोक आपण होऊन घेतील, असे त्यांनी गृहीत धरले नाही. व्यायामाची खरी किंमत पैशात नसून रोज तीच गोष्ट करण्याच्या कंटाळ्यात असते, हे दहा वर्षे एकट्याने डंबेल्स उचललेल्या माणसाला कोणी सांगायला नको होते. म्हणून त्यांनी संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. तालमीतील वस्तादाचे काम त्यांनी शाळेच्या घंटेवर सोपवले. एकदा अंगवळणी पडलेली गोष्ट पुढे घराच्या कोपऱ्यातही टिकेल, अशी ही योजना होती. स्वतः राजा, राणी आणि मुले नमस्कार घालीत, हे प्रजेला माहीत होते. त्याचा परिणाम हुकमापेक्षा अधिक झाला असावा.

सक्तीचा प्रश्न अर्थात सोपा नाही. ज्या राजाला नकार देता येत नाही त्याने आरोग्याचा हुकूम काढावा, यात दयेइतकाच अधिकाराचाही भाग असतो. शिवाय प्रचारकाचा उत्साह भवानरावांना अनेकदा मर्यादेपलीकडे घेऊन जाई. नमस्काराने बहुतेक रोग दूर राहतात अशा थाटाचे त्यांचे दावे आजच्या वैद्यकाच्या कसोटीला उतरणारे नाहीत. आचार्य अत्र्यांनी १९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक लिहून नमस्कारांच्या वेडाची यथेच्छ टिंगल केली आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. टिंगल होण्याइतका एखादा व्यायाम घराघरांत पोचला होता, हाही त्याचा अर्थ आहे.

स्त्रियांचा मुद्दा येथे स्वतंत्रपणे नोंदवला पाहिजे. त्या काळच्या सुशिक्षित घरातही बाईला व्यायाम हा शब्द लागू होत नसे; दळण, कांडण, पाणी भरणे हाच तिचा व्यायाम, असे म्हणून विषय संपवला जाई. भवानरावांनी आपल्या प्रचारात स्त्रियांना बरोबरीचे स्थान दिले आणि राणीसाहेबांचेच उदाहरण पुढे ठेवले. घराबाहेर न पडता करता येणारा व्यायाम ही स्त्रीच्या दृष्टीने केवळ काटकसर नव्हती, तिला उपलब्ध असलेला तो एकच मार्ग होता. हा मार्ग तिला घरातच ठेवतो, अशी टीका आज करता येईल, आणि ती निराधार ठरणार नाही. परंतु तालमीचे दार तिच्यासाठी उघडेपर्यंत तिने पन्नास वर्षे थांबावे, हा उपायही काही उपाय नव्हे.

१९२८ साली त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक निघाले. १९३६ साली लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी त्यांची कीर्ती ब्रिटिश वाचकांपर्यंत नेली आणि १९३८ साली त्यांच्या संपादनाखाली पुस्तकाची नवी आवृत्ती लंडनला प्रसिद्ध झाली. ज्या शहरातून सँडोची साधने औंधला आली होती, त्याच शहरात आता औंधचा साधनाविना व्यायाम छापून विकला जात होता.

राज्यकारभारातील त्यांचे धोरणही याच स्वभावाचे होते. बेळगावातून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० साली कुंडलजवळ माळजमीन दिली आणि त्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. १९३९ साली, चिरंजीव आप्पासाहेब आणि पोलंडमधून आलेले मॉरिस फ्रिडमन यांच्या साह्याने आणि गांधीजींच्या सल्ल्याने, त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना अमलात आणली. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतीविना कैद्यांची वसाहत निघाली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे तिचीच प्रेरणा होती. नमस्कार सक्तीचे करणारा राजा कैद्याच्या भोवतीची भिंत काढून टाकतो, यात विसंगती आहे खरी. दोन्ही ठिकाणी भिस्त मात्र बाहेरच्या सामग्रीपेक्षा माणसाला लागलेल्या सवयीवरच होती.

१९४८ च्या मार्चमध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षात, भवानराव निवर्तले. औंधच्या टेकडीवरील त्यांचे चित्रसंग्रहालय पाहायला लोक आजही जातात. त्यांचा व्यायाम तर त्याहून फार दूर गेला. योगवर्गांच्या द्वारा तो जगभर पसरला आणि मोठ्या शहरांतून आता तासाच्या शुल्कावर, विकतच्या चटईवर शिकवला जातो. शुल्क भरणारा तेथे नमस्कार विकत घेत नाही, तो ठरलेली वेळ आणि चारचौघांची सोबत विकत घेतो. चंद्रपूरच्या जिमची वर्गणीही बहुतांशी त्याचसाठी असते. एटापल्ली-भामरागडच्या आश्रमशाळेतील मुलामुलींना ही सोबत फुकट मिळण्याजोगी आहे: मैदान आहे, सकाळची प्रार्थना आहे, घंटा आहे. पोलीस भरतीच्या धावण्यासाठी आणि गोळाफेकीसाठी त्यांतलीच मुले पुढे शहरात खोली घेऊन, पैसे मोजून सराव करतात. शाळेत असतानाच त्यांच्याबरोबर रोज अर्धा तास उभा राहणारा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक द्यायचा, की गावाच्या चौकात लोखंडी साधने बसवून त्यांचे उद्घाटन करायचे, हे जिल्ह्याच्या पुढच्या अंदाजपत्रकात ठरवता येईल.