किलिमांजारोची तिसरी खेप

टांझानियातील मरांगू गावातून किलिमांजारोवर जाणारी वाट ही त्या पर्वतावरची सर्वांत जुनी, रुळलेली वाट. केळीच्या बागा मागे टाकून ती दाट जंगलात शिरते. पहिला मुक्काम मंदारा येथे, सुमारे २,७०० मीटर उंचीवर. दुसरा होरोंबोला, ३,७०० मीटरवर. तिसरा किबो येथील निवाऱ्यात, ४,७०० मीटरवर. तेथून मध्यरात्रीच्या सुमारास निघायचे आणि सकाळी ५,८९५ मीटर उंचीच्या शिखरावर उभे राहायचे. सोबत परवानाधारक वाटाड्या असतो. तसा तो असणे सक्तीचेच आहे. स्वयंपाकी असतो, हमाल असतात. पाच-सहा दिवसांची ही चढाई आता जगभरातून हजारो लोक करतात आणि त्यांत पुण्या-मुंबईचे मराठी गिर्यारोहकही असतात.

उंची टप्प्याटप्प्याने गाठायची, प्रत्येक टप्प्यावर शिधा आणि निवारा तयार ठेवायचा आणि शेवटची चढाई रात्रीच सुरू करायची, ही या प्रवासाची रीत. तिचा आराखडा १८८९ साली याच मरांगूत आखला गेला. आखणाऱ्याचे नाव हान्स मायर. किलिमांजारोच्या माथ्यावर पोहोचल्याची पहिली नोंद त्यांच्या नावावर आहे. तेथवर पोहोचण्याआधी मात्र त्यांना दोनदा हात हलवीत परतावे लागले होते.

मायर यांचा जन्म २२ मार्च १८५८ रोजी जर्मनीतील हिल्डबुर्गहाउझेन या लहानशा शहरात झाला. घराणे प्रकाशकांचे. आजोबा योझेफ मायर यांनी १८२६ मध्ये प्रकाशनसंस्था स्थापन केली होती आणि त्यांच्या नावाचा अनेक खंडांचा ज्ञानकोश जर्मन मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचला होता. १८७४ मध्ये संस्था लाइप्झिगला आली. हान्स यांनी इतिहास आणि अर्थशास्त्राचा अभ्यास केला, डॉक्टरेट मिळवली आणि त्यानंतर दोन वर्षे जगप्रवास केला. भारत, पूर्व आशिया आणि उत्तर अमेरिका पाहून ते परतले व वडिलांच्या व्यवसायात शिरले. घरी पैसा होता, ज्ञानकोशाच्या कामामुळे जगाच्या नकाशाशी रोजचा संबंध होता आणि त्या नकाशावर आफ्रिकेच्या पोटात अजून बऱ्याच कोऱ्या जागा होत्या.

किलिमांजारो ही अशीच एक वादग्रस्त जागा होती. ११ मे १८४८ रोजी योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने दुरून त्या पर्वतावरचे बर्फ पाहिले आणि तसे कळवले. विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवर बर्फ असेल, हे लंडनमधल्या काही भूगोलतज्ज्ञांना पटेना. रेबमान यांची दृष्टी अधू असावी, असा त्यांचा कल होता. १८६१-६२ मध्ये बॅरन फॉन डेर डेकेन यांनी सुमारे ४,२८० मीटरपर्यंत चढून ती शंका निकालात काढली. १८७१ मध्ये चार्ल्स न्यू हे इंग्रज मिशनरी बर्फाच्या सीमेपर्यंत गेले. पर्वताच्या उतारांवर पिढ्यान्पिढ्या पाण्याचे पाट खोदून केळीच्या बागा फुलवणाऱ्या चागा लोकांना त्या बर्फाविषयी कधीच शंका नव्हती. युरोपातला वाद त्यांच्या गावीही नव्हता.

मायर प्रथम १८८७ मध्ये आले. किबो या मुख्य शिखराच्या अंगावर ते सुमारे ५,५०० मीटरपर्यंत पोहोचले. सोबती बॅरन फॉन एबरश्टाइन आधीच थकून मागे राहिले होते. पुढे बर्फाची उभी भिंत होती. तिच्यावर पायऱ्या खोदण्याची साधने नव्हती, खोदून देणारा कसबी माणूस नव्हता आणि थांबून दुसरा प्रयत्न करावा इतका शिधाही जवळ नव्हता. मायर खाली उतरले. या चढाईत त्यांना उमगले ते असे, की पर्वताची उंची हा एकमेव अडथळा नव्हता. वरच्या भागात राहायचे कसे आणि खायचे काय, हा प्रश्न सुटल्याखेरीज माथा हाती लागणार नव्हता.

दुसरी खेप १८८८ ची. या वेळी ऑस्ट्रियाचे तरुण भूगोलतज्ज्ञ ऑस्कर बाउमान सोबत होते. पण त्याच सुमारास जर्मन ईस्ट आफ्रिका कंपनीने किनाऱ्यावरील बंदरांचा कारभार ताब्यात घेतला आणि किनारपट्टी पेटली. अबुशिरी बिन सालिम यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. मायर आणि बाउमान उसांबाराच्या डोंगरांपर्यंतच पोहोचले होते. हमाल पांगले आणि दोघे उठाव करणाऱ्यांच्या हाती सापडले. त्यांना बेड्या घालण्यात आल्या. दहा हजार रुपयांची खंडणी भरल्यावरच त्यांची सुटका झाली. हे रुपये म्हणजे हिंदुस्थानचेच रुपये. झांझिबार आणि त्यासमोरच्या किनाऱ्यावर त्या काळी तेच नाणे चालत असे. पर्वताचे दर्शनही न घेता, सारे सामान गमावून मायर युरोपला परतले.

अशा अनुभवानंतर एखाद्याने तो नाद सोडला असता. मायर यांनी वर्षभरात तिसरी मोहीम उभी केली, तीही स्वतःच्या खर्चाने. आधीच्या दोन्ही अपयशांचा हिशेब त्यांनी नीट मांडला होता. बर्फाच्या भिंतीसाठी त्यांनी लुडविग पुर्टशेलर यांना सोबत घेतले. साल्झबुर्गमध्ये व्यायामशिक्षक असलेले पुर्टशेलर आल्प्समधील त्या काळच्या उत्तम गिर्यारोहकांपैकी एक होते. शिध्याचा प्रश्न मायर यांनी तळांची साखळी उभारून सोडवला.

सप्टेंबर १८८९ च्या अखेरीस तुकडी मरांगूला पोहोचली. तेथील प्रमुख मारेअले यांच्याशी मायर यांचे स्नेहाचे संबंध जुळले. त्यांच्या मर्जीखेरीज ना धान्य मिळाले असते, ना वाटाडे. मरांगू हा पायथ्याचा तळ ठरला. जंगलाच्या वरच्या कडेला, सुमारे २,९०० मीटरवर मधला तळ ठेवण्यात आला. किबो आणि मावेन्झी या दोन शिखरांमधल्या ओसाड पठारावर, सुमारे ४,३०० मीटरवर, वरचा तळ उभारला गेला. प्रत्यक्ष चढाईच्या तुकडीत दोन स्थानिक म्होरके, नऊ हमाल, एक स्वयंपाकी आणि एक वाटाड्या होते. ठराविक दिवसांनी मरांगूहून ताजा शिधा वर यायचा. त्यामुळे एखादा प्रयत्न फसला तरी सगळा पर्वत उतरून पुन्हा आरंभ करण्याची पाळी येणार नव्हती.

वरच्या तळावर दोघा युरोपियनांसोबत एकच माणूस मुक्कामाला राहिला. तो म्हणजे किनाऱ्यावरच्या पांगानी गावचे मुइनी अमानी. उष्ण समुद्रकाठी वाढलेल्या या माणसाने पाणी गोठवणाऱ्या थंडीत तळ सांभाळला, चूल पेटती ठेवली. सामानाची राखणही त्यांच्याकडेच होती. दोघे बर्फावर असताना मागे परतायला जागा होती, ती अमानी यांच्यामुळे.

३ ऑक्टोबर १८८९ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास मायर आणि पुर्टशेलर तळावरून निघाले. बर्फ सुरू झाले तेथे पुर्टशेलर पुढे झाले आणि कुऱ्हाडीने पायरी खोदू लागले. काचेसारख्या कठीण बर्फात एकेका पायरीसाठी कुऱ्हाडीचे अनेक घाव घालावे लागत. या हिमनदीला मायर यांनी लाइप्झिगचे भूगोलतज्ज्ञ फ्रीडरिश रात्झेल यांचे नाव दिले. दुपारी दोनच्या सुमारास दोघे विवराच्या कडेवर पोहोचले, तेव्हा सर्वांत उंच जागा अजून दूर, कडेच्या दक्षिण भागात असल्याचे दिसले. तेथे जाऊन अंधारापूर्वी परतणे शक्य नव्हते. माथा नजरेच्या टप्प्यात असताना त्यांनी माघार घेतली. वरच्या तळावर शिधा शिल्लक असल्यानेच हा शहाणपणा त्यांना परवडला.

एक दिवस विश्रांती घेऊन त्यांनी पाच तारखेची रात्र पर्वतावर आणखी वरच्या बाजूला काढली आणि सहा तारखेला पहाटेच्या अंधारात ते पुन्हा निघाले. तीन दिवसांपूर्वी खोदलेल्या पायऱ्या बर्फात अजून शाबूत होत्या. सकाळी साडेदहाच्या सुमारास मायर आणि पुर्टशेलर आफ्रिकेच्या सर्वोच्च बिंदूवर उभे होते. समुद्रसपाटीच्या मानाने तेथे हवेत प्राणवायू जेमतेम निम्मा मिळतो. उंचीशी शरीर कसे जुळवून घेते, याचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. पण वरच्या तळावरील मुक्कामांनी नकळत तेच काम केले होते. आजचे वाटाडे नवख्या चढाईवाल्याला सावकाश चालण्याचा आग्रह करतात, तोही याच कारणासाठी.

मायर यांनी माथ्यावर जर्मन झेंडा रोवला आणि शिखराला कैसर विल्हेल्म यांचे नाव दिले. माथ्यावरचा एक दगडही त्यांनी सोबत नेला. त्याचे दोन तुकडे झाले. एक कैसरला भेट म्हणून गेला आणि पॉट्सडामच्या राजवाड्यातील दालनात बसवण्यात आला, दुसरा मायर यांच्याकडे राहिला. आजच्या वाचकाला हा प्रसंग सहज ओलांडून जाता येणार नाही. १८८६ च्या इंग्रज-जर्मन कराराने हा मुलूख जर्मन प्रभावाखाली गेला होता आणि मायर स्वतः वसाहतवादाचे उघड पुरस्कर्ते होते. शिखराचे नामकरण ही त्या मालकीवरची मोहोर होती. पुढच्या दशकात तिची किंमत पर्वताखालच्या लोकांनी मोजली. जर्मन सत्तेशी लढलेले मोशीचे प्रमुख मेली यांना २ मार्च १९०० रोजी फाशी देण्यात आले. त्यांचे शिर जर्मनीत नेले गेले असे मानले जाते आणि त्यांचे वंशज त्याचा शोध घेत आले आहेत.

माथा गाठल्यावर मायर यांचा किलिमांजारोशी संबंध संपला नाही. १८९० मध्ये त्यांनी मोहिमेचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. १८९८ मध्ये चित्रकार एर्न्स्ट प्लात्झ यांना घेऊन ते पुन्हा पर्वतावर गेले आणि जे दिसले त्याने चकित झाले. अवघ्या नऊ वर्षांत हिमनद्या सर्व बाजूंनी सुमारे शंभर मीटरने मागे हटल्या होत्या. विवराच्या कडेतील एक खिंड पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट रुंद झाली होती. किलिमांजारोचे बर्फ आटत असल्याच्या आरंभीच्या नोंदींपैकी ही एक. जेथे त्यांनी झेंडा रोवला, त्या बर्फाच्या ओसरण्याची नोंदही त्यांनीच करून ठेवली, हे त्यांच्यातल्या अभ्यासकाचे श्रेय. १९१२ मध्ये किलिमांजारोवर सुमारे १२ चौरस किलोमीटर बर्फ होते. २०११ मध्ये ते दोन चौरस किलोमीटरहूनही कमी उरले होते.

१९०३ मध्ये मायर यांनी इक्वेडोरमधील अँडीज पर्वतातील हिमनद्या आणि ज्वालामुखींचा अभ्यास केला. १९११ मध्ये ते पुन्हा पूर्व आफ्रिकेत गेले. १९१५ पासून लाइप्झिग विद्यापीठात वसाहतींच्या भूगोलाचे अध्यापन त्यांच्याकडे आले. पण पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या वसाहतीच गेल्या आणि त्या विषयाखालची जमीन सरकली. ५ जुलै १९२९ रोजी लाइप्झिगमध्ये त्यांचे निधन झाले. पुर्टशेलर तर १९०० मध्येच वारले होते. शिखराचे जर्मन नावही फार टिकले नाही. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. त्या मध्यरात्री लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडा यांनी माथ्यावर नव्या राष्ट्राचा झेंडा आणि मशाल रोवली आणि शिखराला उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, हे नाव मिळाले.

उशिरा का होईना, श्रेयाचा हिशेबही पुन्हा मांडला गेला. १९८९ मध्ये पहिल्या चढाईची शताब्दी साजरी झाली, तेव्हा मरांगूचे वयोवृद्ध वाटाडे योहानी किन्याला लाउवो यांचा गौरव करण्यात आला. मायर यांच्या वाटाड्यांमध्ये तरुण लाउवो होते, असे स्थानिक परंपरा सांगते. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय सव्वाशेच्या घरात सांगितले जात होते. मायर यांच्या वृत्तांतात माथ्यावर दोघेच आहेत; मरांगूच्या लोकस्मृतीत वाट दाखवणारेही आहेत. मरांगूच्या प्रवेशद्वारापाशी आता मायर यांच्या स्मारकाबरोबर स्थानिक वाटाड्यांची आठवणही जपलेली आहे.

मायर यांचे मोठेपण यामुळे उणावत नाही. दोन अपयशांनंतर ते थांबले नाहीत आणि आधी काय चुकले याचा थंड डोक्याने विचार करून त्यांनी तिसरी मोहीम आखली. पण त्या आखणीचा कणा होता तो शिधा वर पोहोचवणाऱ्या माणसांचा. दुसऱ्यांदा माथा गाठायला पुढे वीस वर्षे, १९०९ साल उजाडावे लागले. यावरून तो आराखडा जमवून आणणे किती कठीण होते, हे ध्यानात येते. आज किबोच्या निवाऱ्यातून मध्यरात्री निघालेला प्रवासी मायर यांचे नाव लाभलेल्या गुहेपाशी क्षणभर विसावतो. त्याच्या पुढे कंदील घेऊन एक चागा वाटाड्या चालत असतो आणि खालच्या निवाऱ्यात कोणीतरी त्याच्यासाठी चुलीवर पाणी ठेवलेले असते. मुइनी अमानी यांचे काम अजून चालूच आहे.