केरुनाना छत्रे : पंचांगाला आकाशाकडे नेणारा गणिती

आमच्या जोह्यात गणपतीच्या मूर्ती घडविण्याचे काम वर्षभर चालते. पण हात केव्हा आवरायचा, हे भाद्रपद शुद्ध चतुर्थी ठरविते. खाडीकाठचा माणूसही तिथीवरच नजर ठेवतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे त्याला शिकवावे लागत नाही. ही तिथी आकाशाशी जुळलीच पाहिजे, असा आग्रह धरणारे केरो लक्ष्मण छत्रे आपल्याच जिल्ह्यातील नागावचे.

नानांचा जन्म 1825 सालचा. बालपणीच आईवडील गेले आणि चुलत्यांनी त्यांना मुंबईस नेले. तेथे प्रा. ऑर्लिबार यांच्याजवळ त्यांनी गणित व ज्योतिष यांचे अध्ययन केले. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षीच ते कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागले. पुढे ते पुण्यास आले आणि विद्यापीठाची पदवी नसताना डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी.

त्या काळची पंचांगे जुन्या करणग्रंथांवरून होत. त्यांतील तिथी प्रत्यक्षाहून कित्येक घटकांनी चुके. याचे मूळ गुरुत्वाकर्षणात आहे. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो खरा, पण सूर्यही त्याला ओढीत असतो. म्हणून त्याची गती सतत कमीजास्त होते. जुन्या गणितात हे सारे संस्कार नव्हते. दुसरी गोष्ट अयनचलनाची. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे. त्या फुगवट्यावर सूर्य-चंद्रांची ओढ पडून तिचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. एका फेऱ्यास सुमारे 26,000 वर्षे लागतात. त्यामुळे संपातबिंदू दरवर्षी सुमारे 50 विकला मागे सरकतो.

नानांनी युरोपीय ज्योतिषांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ 1860 मध्ये सिद्ध केला. आबा पटवर्धनांच्या साहाय्याने 1865 पासून नवे पंचांग निघू लागले. तेच पटवर्धनी पंचांग. राशिचक्राचा आरंभ नानांनी रेवतीच्या योगताऱ्यापासून धरला. त्यामुळे संक्रांतीत सुमारे चार दिवसांचे अंतर पडले, अधिक मासही कधी कधी निराळा येऊ लागला. सण दोन पंचांगांत दोन वेळी आले, तर घरोघरच्या माणसाने काय करावे? लोक बिचकले आणि पंचांगाचा प्रसार बेताचाच राहिला. तरीही नाना मागे हटले नाहीत. 1884 मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित, टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर यांनी हा विषय लावून धरला. आज महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगांत तिथी प्रत्यक्ष चंद्र-सूर्यांवरूनच काढतात. रेवतीचा आरंभ मात्र सर्वमान्य झाला नाही. चित्रा ताऱ्याच्या पक्षाची सरशी झाली. म्हणजे नानांचा एक मुद्दा टिकला, एक मागे पडला. पण वाद पडला तर निवाडा आकाशाने करावा, ही त्यांची शिकवण दोन्ही पक्षांनी स्वीकारली. जोह्यातली मूर्ती चतुर्थीला पाटावर बसते तेव्हा त्या मुहूर्तामागे नागावच्या या पोरक्या मुलाचे कष्टही असतात, याची आपण आठवण ठेवावी.