एका खोलीतील प्रयोगशाळा

मुखेड तालुक्याला सर्पदंश नवा नाही. पावसाळ्यात रानात राबणाऱ्याला घोणस किंवा मण्यार चावली, की त्याचा जीव प्रतिविषाच्या कुपीवर अवलंबून असतो. राज्यातील सरकारी दवाखान्यांत पोहोचलेल्या अशा अनेक कुप्यांवर वर्षानुवर्षे हाफकिन हे नाव छापलेले असे. ज्यांचे हे नाव, त्या वाल्डेमार हाफकिन यांनी सर्पविषावर मात्र कधीच काम केले नव्हते. त्यांनी मुंबईत उभारली ती प्लेगची प्रयोगशाळा. प्रतिविषाचे कार्य त्याच वास्तूत पुढच्या पिढ्यांनी केले.

१५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात हाफकिन यांचा जन्म झाला. धर्मामुळे रशियात प्राध्यापकपदाची दारे बंद झाली, तेव्हा पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथालयातील साधी नोकरी पत्करली. तेथेच १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन शहरात दाखल झाले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजने त्यांना एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा दिला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने त्यांनी जंतू वाढविले. तुपापासून खाली लोंबणारे जंतूंचे झुबके हलवून पाडायचे, नवे वाढू द्यायचे आणि शेवटी सारे उष्णतेने मारायचे, अशी ती रीत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचली, तीही इतरांना देण्याच्या मात्रेहून कितीतरी अधिक. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची पहिली परीक्षा झाली.

मागणी वाढली तशी खोली अपुरी पडली. १८९९ मध्ये परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस प्रयोगशाळेला मिळाले. आता लस एका ठिकाणी तयार होई आणि टोचणारे हात शेकडो कोस दूर असत. या व्यवस्थेचे बळ त्यातच होते, आणि धोकाही.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी (आता पाकिस्तानात) १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हा पुरावा मात्र दुर्लक्षित राहिला. दोष परळचा असता, तर बाटलीतील द्रव उघडतानाच नासलेला आढळला असता, हा आक्षेपही मागेच पडला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समधून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्यांच्यावरील ठपका दूर झाला. त्यात जवळपास पाच वर्षे गेली होती.

हाफकिन हिंदुस्थानात परतले. पण त्यांना नेमणूक मिळाली ती कोलकात्यात. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ मध्ये सरकारने तिला त्यांचे नाव दिले, त्याच्या कितीतरी आधी ते युरोपात परतले होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते.