निकस भूमीचा सेवक : डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

ज्या जमिनीने पीक देण्याचे सोडले तिला दोष देऊन निघून जाणारे पुष्कळ असतात. तिजपाशी बसून तिला काय उणे पडले ह्याचा शोध करणारे थोडे. अशा थोडक्यांपैकी डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे एक होत. त्यांचे नाव मराठी वाचकांस नवे नाही. वीणा गवाणकर ह्यांनी 1981 साली लिहिलेल्या 'एक होता कार्व्हर' ह्या चरित्राने ते महाराष्ट्रात दूरवर पोहोचविले आहे. तथापि त्यांच्या भुईमुगाची कीर्ती जितकी कानी येते, तितकी त्यांच्या खताच्या ढिगाची व परसबागेची येत नाही. खेड्यांतील मंडळ्यांस ह्याच गोष्टींचा उपयोग अधिक. म्हणून त्या बाजूने त्यांचे चरित्र येथे देत आहो.

जॉर्जचा जन्म अमेरिकेतील मिसूरी प्रांतात डायमंड गावानजीक सुमारे 1864 साली झाला. त्याची आई मेरी ही मोझेस कार्व्हर नामक शेतकऱ्याने विकत घेतलेली दासी होती. जॉर्ज तान्हा असता गुलाम पळविणाऱ्या टोळीने मायलेकरांस उचलून नेले. मोझेसने शोध करविला तेव्हा मूल तेवढे परत मिळाले व त्याच्या मोबदल्यात एक घोडा द्यावा लागला. आईचा ठाव पुढे कधीच लागला नाही. 1865 साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली, आणि मोझेस व त्याची पत्नी सुझन ह्यांनी त्या पोरक्या मुलास घरीच वाढविले.

मूल अशक्त होते. नांगरामागे चालण्याचे बळ त्याच्या अंगी नव्हते. म्हणून सुझनबाईने त्यास स्वयंपाक, धुणे, शिवण व भाजीचा वाफा ही कामे शिकविली. जे दुर्बळपण वाटत होते तेच त्याचे भांडवल झाले. रानात एकांती त्याने स्वतःची लहानशी बाग केली. शेजारीपाजारी आपली रोगट रोपे त्याजकडे आणीत, व झाडांचा वैद्य म्हणून त्या पोराचे नाव झाले.

जवळच्या शाळेत काळ्या मुलांस प्रवेश नव्हता. म्हणून तो सुमारे 8 मैलांवरील निओशो गावी गेला. तेथे मरायाह वॉटकिन्स नामक धुणे धुणाऱ्या सुइणीने त्यास आसरा दिला व एक बायबल दिले. ते त्याने जन्मभर जवळ बाळगिले. पुढे कान्सस प्रांतात लोकांचे कपडे धुऊन व स्वयंपाक करून त्याने शिक्षण चालविले. एका महाविद्यालयाने त्यास पत्राने प्रवेश दिला, परंतु दाराशी आल्यावर त्याचा वर्ण पाहून परत लाविले. आपल्यापैकी कितीएकांच्या आजापणजांस शाळेच्या ओट्याखाली बसावे लागले आहे. तेव्हा हे दुःख कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. जॉर्ज खचला, परंतु कडू झाला नाही. 1890 साली आयोवा प्रांतातील सिंप्सन महाविद्यालयाने त्यास घेतले. तेथे तो चित्रकला शिकत होता. त्याचा वनस्पतींकडील ओढा पाहून शिक्षिकेने त्यास शेतकी महाविद्यालयाची वाट दाखविली. 1894 साली तो पदवीधर झाला व 1896 साली त्याने वरची पदवी मिळविली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांनी अलाबामा प्रांतातील टस्कीगी येथील आपल्या शाळेत त्यांस बोलाविले. आयोवात राहते तर मानाची जागा व सुख होते. पण कार्व्हर दक्षिणेस गेले. तेथे प्रयोगशाळा म्हणण्याजोगे काही नव्हते. शिष्यांस बरोबर घेऊन त्यांनी कचऱ्यांतून बाटल्या, बरण्या व मोडकी भांडी गोळा केली, आणि त्यांवर काम आरंभिले.

भोवतालची दशा शोचनीय होती. वर्षानुवर्षे एकटा कापूस लावून जमीन निःसत्त्व झाली होती. बहुतेक काळे शेतकरी दुसऱ्याची जमीन वाट्याने करीत. बियाणे व धान्य उधारीवर घ्यावे, कापूस येताच तो सावकाराच्या घरी जावा, आणि पुन्हा उधारी, असे चक्र चाले. झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत कापूस पेरलेला. भाजीस वीतभर जागा नाही. मक्याचे पीठ, खारट चरबी व काकवी एवढ्यावर कुटुंबे दिवस काढीत, आणि अशा निकस आहाराने येणारा पेलाग्रा नामक रोग त्यांस ग्रासी. जमिनीचा अशक्तपणा अशा रीतीने लेकरांच्या अंगी उतरला होता.

कार्व्हरांस प्रयोगासाठी सुमारे 10 एकर हलकी जमीन मिळाली. विकतचे खत गरिबास परवडणार नाही हे जाणून त्यांनी फुकट मिळेल त्याजकडे नजर वळविली. रानातील पालापाचोळा व दलदलीतील काळा गाळ ह्यांचा एक थर, त्यावर गोठ्यातील शेणाचा एक थर, असा ढीग ते रचवीत. पावसाचे जास्त पाणी निथळून जावे म्हणून त्याचा माथा गोल करीत. हिवाळाभर तो कुजला की वसंतात पेरणीपूर्वी शेतात घालीत. दुसरा उपाय पिकांच्या फेरपालटीचा. चवळी व भुईमूग ह्यांसारख्या शेंगांच्या पिकांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नायट्रोजन धरून झाडास देतात, आणि मुळे व पाला जमिनीतच राहिल्यास पुढील पिकासही त्याचा लाभ होतो. म्हणजे अन्नही मिळते व भूमीचे देणेही फिटते. निकस जमीन कशी सुधारावी ह्यावर त्यांनी 1905 साली एक पत्रिका काढिली. अशा 40 हून अधिक पत्रिका त्यांनी सोप्या भाषेत लिहिल्या. 1910 सालची एक खेड्यांतील शाळांच्या बागांविषयी आहे.

जे वाचू शकत नव्हते त्यांजकडे ते स्वतः जात. 1906 साली अवजारे व बियाणे भरलेली एक घोडागाडी सिद्ध झाली. मॉरिस जेसप ह्या दात्याच्या नावावरून तिला जेसप गाडी म्हणत. ती गावोगाव फिरून शेतकऱ्याच्याच वावरात प्रत्यक्ष काम करून दाखवी. घराजवळ भाजी कशी लावावी, ती कशी टिकवावी व लाल मातीने घर कसे रंगवावे हेही कार्व्हर शिकवीत. रानभाज्या फेकू नका, असा त्यांचा आग्रह असे. आपल्या चाकवताची जात त्यांच्या आवडत्या भाज्यांत होती.

1910 च्या सुमारास कापसावरील बोंडकिडा अलाबामात शिरला, तेव्हा त्यांच्या सांगण्याचे मोल लोकांस कळले. 1916 साली त्यांनी भुईमुगाचे 105 प्रकारचे पदार्थ सांगणारी पत्रिका काढिली. 1921 साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्यांस बोलण्यास केवळ 10 मिनिटे दिली होती, परंतु सभासदांनी ती पुन्हा पुन्हा वाढविली. शेंगदाण्याचे लोणी त्यांनीच शोधून काढिले असे कोणी सांगतात; ते खरे नव्हे. त्यांच्या थोरवीस असल्या आधाराची गरजही नाही.

ते अविवाहित राहिले. पहाटे उठून रानात फिरत प्रार्थना करणे हा त्यांचा नेम होता. दर रविवारी ते विद्यार्थ्यांचा बायबलवर्ग चालवीत. साधे जुने कपडे घालून त्यांनी साठविलेले सुमारे 60,000 डॉलर शेवटी संशोधनासाठी देऊन टाकिले. 5 जानेवारी 1943 रोजी त्यांनी देह ठेविला. त्याच वर्षी त्यांचे जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक झाले. ज्याची किंमत एका घोड्याएवढी झाली होती, त्याची ही योग्यता ठरली!

उपदेशक बंधूंनो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आपल्या दाराशी उकिरडा आहे. उन्हापावसात त्याचे सत्त्व वाया जाते. त्यास खड्डा करून शेण, राख व पालापाचोळा थराथराने भरावा आणि वर माती लोटावी. पाचोळा जाळू नये. न्हाणीचे पाणी अळूस व केळीस वळवावे. कुडावर वाल व घेवडा चढवावा, आणि शेजारी मेथी, चाकवत व वांगी लावावी. पुढील वर्षी वाफे पालटावे. ह्यास पैसा लागत नाही, हात लागतात. मंडळीतील एका घराने आरंभ केला की शेजारचे घर पाहते, व पाहून शिकते. जेसप गाडीची रीत हीच होती. देवाने मनुष्यास प्रथम बागेतच ठेविले, आणि तिची मशागत व राखण करण्याचे काम दिले. ते काम त्याने अद्याप परत घेतलेले नाही.